साहेब सगळ्यांचे आभार मानतात

१५ जानेवारी २००५, शनि.

नाही. थांब. खोटं मी बोललो नाही. तू, जो कोणी हे वाचतोयस (वही उघडी टाकायची सवय आहे मला, कोणीतरी वाचणारच), तू आधीच मान हलवायला लागलायस, ते बंद कर. तो जे बोलला ते मी सांगितलं. शब्दाला शब्द.

काल संक्रांत. आमच्या बहादरपुरात मारुतीसमोर मांडव. केळी उत्पादक मंडळ आणि एका निर्यात कंपनीने मिळून फिलिपाईन्सचा केळीतज्ज्ञ बोलावलेला. रामोन. गावात इंग्रजीचा एम.ए. एकच, म्हणून तीन दिवस दुभाष्या मी. शाल झाली, नारळ झाला, पोरींनी तिळगूळ दिला. रामोन म्हणे, हे देताना त्या काय म्हणतात? मी सांगितलं, हे घ्या आणि गोड बोला. तो हसला. "मग मला भाषण का करायला लावतात?"

भाऊसाहेब, म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, म्हणाले, "साहेबांनी दोन शब्द बोलावे." आता दोन शब्द म्हणजे काय ते आपल्याला माहीत. गाव छान, माणसं प्रेमळ, जेवण तिखट. टाळ्या, चहा. रामोनला हे माहीत नव्हतं. त्याला वाटलं, आपल्याला खरंच विचारलंय.

तर तो बोलला. तुमचं केळं आमच्यापेक्षा गोड आहे. (टाळ्या.) आणि तुम्ही त्याला मारता. (शांत.) घड कापून जमिनीवर टाकता, ट्रकमध्ये रचता, मग त्याच्यावर उभे राहता. काल एक म्हातारा पाहिला, अनवाणी घड तुडवत होता, आणि बाकीचे त्याला वाहवा म्हणत होते. आमच्याकडे असल्या माणसाला केळीच्या बागेत पाय ठेवू देत नाहीत. आमच्याकडे घड तारेवर लटकून शेडमध्ये येतो, पाण्यात धुतात, पेटीत निजवतात. आमचा देश तुमच्यापुढे केवढासा, वर दरसाल वादळं. तरी आमचं केळं जपानच्या दुकानात बसतं. तुमचं दिल्लीला जाईस्तोवर काळं पडतं.

मांडवातल्या सगळ्या माना एकाच बाजूला वळल्या. तो म्हातारा म्हणजे आप्पा. माझा बाप. हातात तिळगूळ, तोंडात टाकायचा राहिलेला.

मग रामोनने आणखी काही म्हटलं. मी म्हणालो, साहेब सगळ्यांचे आभार मानतात.

भाऊसाहेब तरी उठलेच. "विचार रे तेले, एवढं सोन्याचं हाय तुमचं, तर तुमच्या बाया दुनियाभर लोकायची भांडी घासायले काह्याले जातात?" तेही मी सांगितलं. शब्दाला शब्द. रामोन म्हणाला, "खरं आहे." खाली बसला. जाताना शाल खुर्चीवरच राहिली.

सांग, कुठे खोटं?


१६ जाने., रवि.

ते "आणखी काही".

लिहितो. लिहायला काय जातं.

तो म्हणाला: माझ्या बापाची स्वतःची बाग होती. केळी वाकडी, डागाळलेली, पण बापाची. मग कंपनी आली. तार आली, शेड आली, पेटी आली. जमीन कराराने गेली. आता माझा बाप त्याच जमिनीवर, त्याच शेडमध्ये, दुसऱ्याची केळी धुतो. दिवसभर हात पाण्यात, बोटं पांढरी पडलीत. तुमचा तो म्हातारा ट्रकवर उभा राहून सगळ्यांवर ओरडत होता. माझ्या बापाला आता कोणावर ओरडता येत नाही. केळं कसं जपायचं ते मी तुम्हाला शिकवीन. जपताना माणसाचं काय होतं, ते मात्र सही करायच्या आधी विचारून घ्या.

एवढं सगळं. आणि शेवटी थँक यू.

मी त्यातलं थँक यू घेतलं.

का? लोक चुळबुळत होते. ऊन होतं. हे कारण नाही, मला माहीत आहे. पहिला अर्धा मला हवा होता. कधीपासून हवा होता. दुसऱ्या अर्ध्याने पहिल्याची धार गेली असती. लेखक ना मी, शेवट कुठे करायचा ते मला कळतं.


१८ जाने., मंगळ.

आप्पा ट्रकच्या भरतीला गेले नाहीत.

सकाळी रस्त्यावर दिल्लीचा ट्रक. ड्रायव्हर हाका मारतोय, "अरे आप्पा को बुलाओ, भरती आप्पाकीच चाहिए." आप्पांची भरती म्हणजे काय, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. खाली पाला, मग घड उभे, त्यावर पाला, मग घड उलटे, आणि वर आप्पा. पायाने दाबत, चाचपत. एकदा आप्पांनी लावलेला घड घाटातसुद्धा हलायचा नाही.

आप्पा म्हणाले, "पाय दुखून राहिला."

माय आत भाकरी थापत होती. मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाली, "पाय नाही दुखत त्यायचा."

दुपारी बघतो तर आप्पांच्या पायात माझे जुने कॅनव्हासचे बूट. कॉलेजातले. लेस बांधता येत नाही, तशीच लोंबत होती. जन्मात चप्पल सोडून काही घातलं नाही या माणसाने. भरतीला तर तीही नाही.

विचारायची हिंमत झाली नाही.


२१ जाने., शुक्र.

बुऱ्हानपुरात, इतवाऱ्यात, इक्बालच्या दुकानात. इक्बाल माझ्या वर्गातला. आता टायपिंग, झेरॉक्स आणि दोन कॉम्प्युटर. माझं नियतकालिक त्यानेच छापलं होतं, दोन अंक, त्यातला दुसरा अजून त्याच्या माळ्यावर.

तिथे कंपनीचा माणूस भेटला. हिंदीवाला, टाय लावणारा. मांडवात मागे उभा होता. माझ्या खांद्यावर हात ठेवला. "उस दिन आपने अच्छा संभाला. वो तो कुछ भी बोल रहा था. हमारे साथ काम करोगे?"

म्हणजे त्याला इंग्रजी येतं. म्हणजे मांडवात आणखी एकाला माहीत होतं.

मी काय केलं? हसलो. "सोचता हूँ," म्हणालो. हसलो!!

तो गेल्यावर इक्बालला सगळं सांगितलं. तो झेरॉक्सचं झाकण धरून ऐकत राहिला.

"तेरे कू सच बोलना था?"

"हो."

"तो अपने मुँह से बोलता. भाड़े का मुँह काय कू लाया? और जब वो मुँह अपनी बात बोला तो उसपे हाथ रख दिया."

म्हटलं, तू समजत नाहीस, हा प्रयोग होता.

"हाँ. चूहा कौन था?"

त्याच्याशी बोलणार नाही आता. (उद्या जाईनच. चहा तोच पाजतो.)


२४ जाने., सोम.

अजून एक आहे. हे लिहायचं नव्हतं.

१३ तारखेची गोष्ट. रस्त्यावर ट्रक भरत होता, आप्पा वर. रामोन फोटो काढत होता. मला विचारलं, "हा म्हातारा कोण?"

मी म्हणालो, "लेबर आहे एक."

तेवढ्यात वरून आप्पांचा आवाज: "अरे बाबू, साहेबले चहा पाज! उन्हात उभा करून ठेवला पाहुणा!" रामोन म्हणे, काय म्हणतोय? म्हटलं, चहा घेणार का विचारतोय. रामोनने वर बघून हात जोडले. शिकला होता दोन दिवसांत.

आणि तिथेच उभं राहून मी त्याला म्हटलं, "उद्या गोड बोलू नका. आमच्या लोकांना लाज आणल्याशिवाय काही कळत नाही."

लाज. मीच मागवली होती. आली.


२६ जाने., बुध.

शाळेत झेंडा. लेझीम. लाडू.

भाऊसाहेबांचं भाषण. बुऱ्हानपूर आता जिल्हा झाला, आता आपण मागे राहायचं नाही. चीन बघा, जपान बघा. राखेतून उठले. आणि तो परवाचा चिल्लर देश, नकाशात भिंग घेऊन शोधावा लागतो, तो आपल्याला शिकवून गेला. त्याला दाखवून देऊ. त्याच्याहून मोठी शेड बांधू, त्याच्याहून लांब तार लावू! कंपनी तयार आहे. जमिनी फक्त कराराने लावायच्या.

टाळ्या.

मी हिशेबच चुकलो होतो. मला वाटायचं, लाज वाटली की माणूस विचार करतो. लाज वाटली की माणूस धावतो. ज्याने लाज आणली त्याच्याच मागे, त्याच रस्त्याने, त्याच्या पुढे जायला. त्या रस्त्याच्या टोकाला काय आहे ते रामोन सांगत होता, आणि मी म्हटलं आभार मानतो.

आप्पा उठले. पायात माझे बूट. मागून कोणीतरी, "काय आप्पा, फिलिपाईन्सले निघाले का?" हशा. आप्पांनी तिकडे बघितलंच नाही.

"भाऊसाहेब, पहिलं शेत माझं लिहा," ते म्हणाले. "माह्यामुळे गावाची मान खाली गेली. पहिलं माझं लिहा."

सगळ्यात जास्त टाळ्या यालाच. लाडू खिशात टाकला.


३० जाने., रवि.

लिहायला बसलो. विरामचिन्हं नसलेलं, पात्रं नसलेलं, नुसत्या आवाजांचं काहीतरी. अर्धं पान. सगळे आवाज माझेच निघाले. फाडलं.

चहावाल्याकडे दोघं भांडत होते. एक म्हणे चीनसारखा डंडा पाहिजे, दुसरा म्हणे सिंगापूरसारखी शिस्त. "तू म्हण ना रे, शिकलेला हायस." मी पैसे ठेवून उठलो. गेल्या महिन्यापर्यंत मीच सर्वात मोठ्याने बोलायचो. स्वतःच्या बापाला ट्रकवरून उतरवून मग देशांची तुलना करायला काही लागत नाही, नुसती जीभ लागते.


४ फेब्रु., शुक्र.

रामोन भेटला.

तो रावेरकडे होता. कंपनीने मुक्काम आटोपता घेतला त्याचा, परत पाठवताहेत. दिल्लीची गाडी बुऱ्हानपूरहून. इक्बालच्या दुकानात फोन करून निरोप ठेवला, स्टेशनवर ये. गेलो. गाडी लेट. बाकावर बसलो, मध्ये त्याची बॅग.

तो म्हणाला, "माझ्या बापाचं सांगितलं, तेव्हा कोणीच काही विचारलं नाही. वाटलं, विचारतील. मग वाटलं, तुमच्या लोकांना मी फार लागेल असं बोललो, आता त्यांना माझ्या बापाशी काय देणंघेणं."

आता सांगायचं होतं. तोंड उघडलं. "लोक नाराज होते," म्हटलं. बस एवढंच!

मग त्याने बॅगेतून फोटो काढला. ट्रकवर आप्पा. दोन्ही हात वर, तोंड उघडं, पायाखाली हिरवंगार. ओरडताहेत: साहेबले चहा पाज. फोटोत ऐकू येत नाही, मला आलं.

"त्या म्हाताऱ्याला दे. त्याला सांग, मी जे बोललो ते कामाबद्दल होतं."

मी फोटो घेतला. "हे माझे वडील आहेत."

फलाटावर एक बाई मुलाला पेरू कापून देत होती, तिकडे तो बघत राहिला. मग म्हणाला, "तू लेबर म्हणाला होतास."

"हो."

मग बाकीचंही सांगितलं. दुसऱ्या अर्ध्याचं. आभाराचं. एका दमात.

वाटलं चिडेल. बरं झालं असतं. त्याने विचारलं, "पण ते असं का करतात? पायाने का दाबतात? मी तुलाही विचारलं नाही. तुझं काम होतं म्हणून नव्हे, तू मुलगा आहेस म्हणून विचारतो. का?"

मला माहीत नव्हतं. सव्वीस वर्षं घरात राहून.

"मला माहीत असतं की हा तुझा बाप," तो म्हणाला, "तरी मी तेच बोललो असतो. केळं काळं पडतं ते पडतंच. फक्त आधी त्याच्याकडे गेलो असतो." त्याने माझा हात धरला, वाकला आणि हाताची मागची बाजू आपल्या कपाळाला लावली. "आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाचा हात असा घेतात. मग विचारतात. मग बोलतात."

गाडी आली. तो चढला. हात हलवला की नाही, गर्दीत दिसलं नाही.


६ फेब्रु., रवि.

फोटो अजून वहीतच.

आप्पांना विचारायची छाती नाही, मायला विचारलं. ती लसूण सोलत होती.

"काह्याले दाबतात म्हणजे? वॅगनीमुळे. तू नव्हता तेव्हा. केळी रेल्वेनं जायची. वॅगन कुठंबी आडबाजूला काढून ठेवायचे, दोन दोन दिवस. धक्के मारायचे. सैल घड आत लोळायचे, वरचे खालच्यावर आपटायचे, दिल्लीला नुसता चिखल. मग तुह्या बापानं पायानं चाचपून चाचपून बसवायचं काढलं. हातानं कळत नाही म्हणे, पायाले कळते कुठं पोकळ हाय. तवापासून याइच्या भरतीचा माल टिकून जायचा. लोक वॅगन थांबवून ठेवायचे यांच्यासाठी."

"पण आता तर वॅगन नाही."

"नाही ना. मी बोलली होती एकदा. आता रस्ता गुळगुळीत झाला, आता काह्याले तुडवता." लसणाचं साल फुंकलं. "मी एकट्यात बोलली होती."

चूक होतीच त्यांची. रामोन बरोबरच होता. पण ती कुठून आली ती चूक, तिला घर होतं, वय होतं. मी तिला नुसतं उघडं करून मांडवात उभं केलं.


११ फेब्रु., शुक्र.

मंगळवारी सह्या. मारुतीसमोर. पहिलं नाव आप्पांचं.

जेवताना एवढंच म्हटलं, "आप्पा, सही थोडी थांबून केली तर?"

"काह्याले?"

मी वरण कालवत राहिलो.

"तूच तर सांगितलं सगळ्यायले," ते म्हणाले, भाकरीकडे बघत. रागाने नाही. "तू शिकलेला. बरोबरच सांगितलं असशील."

ताटावरून उठता येईना, बसताही येईना.


१५ फेब्रु., मंगळ. रथसप्तमी.

सकाळी मायने डबा पालथा केला. तिळगुळाची एक वडी उरलेली. आज शेवटचा दिवस, आजपर्यंतच देता येतो. "ज्याले द्यायचा राहिला असल त्याले देऊन ये," म्हणाली. माझ्याकडे न बघता.

मारुतीसमोर सतरंजी. भाऊसाहेब, कंपनीचा माणूस, मंडळ, अर्धं गाव. आप्पा पुढेच, बूट घालून. कागद टेबलावर.

मी म्हटलं, संक्रांतीचं भाषण अर्धं राहिलंय.

कंपनीचा माणूस: "भाईसाहब, वो बाद में." भाऊसाहेब: "आता काह्याचं भाषण, बस खाली." बसलो नाही. सांगितलं. बापाची वाकडी केळी. तार, शेड, पेटी. करार. पाण्यात पांढरी पडलेली बोटं. ओरडता न येणारा म्हातारा. रामोन ज्या क्रमाने बोलला त्याच क्रमाने. माझं एक वाक्य घालायचा मोह झाला, नाही घातलं. शेवटी तेही सांगितलं की हे मी खाल्लं होतं. आणि हेही, की म्हातारा कोण असं त्याने विचारलं तेव्हा मी लेबर म्हणालो होतो.

हे आप्पांकडे बघून सांगायचं ठरवलं होतं. टेबलाकडे बघून सांगितलं.

मग पाया पडायला वाकलो. पुढे माझेच बूट, लेस लोंबती. तिथे हात लागेना. मग त्यांचा हात घेतला. खरबरीत, केळीच्या चिकाचे न जाणारे काळे डाग. त्यात वडी ठेवली, फोटो ठेवला, मूठ मिटवली आणि मुठीची मागची बाजू कपाळाला लावली. गावाला वाटलं असेल, पोरगं चळलं.

गोड बोला म्हणालो नाही. काहीही बोला, असं म्हणणार होतो. तेही नाही म्हटलं.

आप्पांची मूठ माझ्या हातात घट्ट झाली की मलाच तसं वाटलं. ते तोंड उघडत होते. भाऊसाहेबांनी "अरे, पण..." म्हटलं. मी चप्पल शोधली नाही. सायकल मारुतीच्या भिंतीला होती, ती काढली आणि निघालो. मागे बघितलं नाही. सही झाली का, माहीत नाही. अजूनही माहीत नाही.

इतवाऱ्यापर्यंत अनवाणी पायडल मारत आलो. पायडलचे दात तळपायाला लागत होते.

आता इक्बालच्या दुकानात बसून लिहितोय. त्याने माझ्या पायाकडे बघितलं, चहा सांगितला. फोन वाजतोय. आपल्या गावातल्या पीसीओचा नंबर आहे, म्हणतो. "उठाऊँ?" नको म्हटलं, काय झालं ते आप्पांच्याच तोंडून ऐकतो.

तूही काहीतरी म्हणणार आहेस. दिसतंय मला, तोंड उघडलंयस. आता नको. घरी जायचंय मला, आणि वाटेत बहादरपूरचा चढ आहे. वही इथेच ठेवतो. निघालो.